कोनाड्यातले दात

आमच्या घरी येणाऱ्याला आधी दात दिसत, माणसं नंतर. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली अप्पांचं काम चाले, आणि तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव. तंजावूरच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आमच्या फळीवर आहे, असं अम्मा म्हणायची, आणि उरलेल्या निम्म्यांचं उधारीवर. अप्पा डॉक्टर नव्हते. डॉक्टर दात उपटत, जबड्याचा ठसा घेऊन अप्पांकडे पाठवत, आणि अप्पा त्या ठशावरून कवळी करत. रस्त्यात लोक त्यांना दातांचे मेस्त्री म्हणत. त्यांना ते आवडे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण शाळेत पोरी मला बघून ओठांनी दात झाकायच्या आणि कवळी निसटल्यासारखं बोलायच्या.

हे मी आमच्या मराठीत, देवनागरीत लिहिते आहे, त्यामागे थोडी लबाडी आहे. मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. नातींना बोललेलं कळतं आणि उत्तर त्या तमिळमध्ये देतात. तेव्हा पाटीनं, म्हणजे त्यांच्या आजीनं, सतराव्या वर्षी काय पराक्रम केला ते या वहीत सुखरूप राहील. वाचणारे तुम्ही परके आहात, तुमच्यासमोर लाज कमी वाटते.

तर घर. सकाळी उठलं की एकाच वेळी दोन आवाज सुरू व्हायचे: मागे अम्माचा दगडी रगडा इडलीचं पीठ रुबवत घर्रघर्र फिरायचा, आणि पुढे अप्पांची कानस कुणाच्या तरी दाढेवर. स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. एकीवर सांबार, नाहीतर दह्यातल्या डांगर पच्चडीबरोबर खायला भात. दुसरीवर पितळेच्या पेटीत बंद करून उकळायला ठेवलेले कुणाचे तरी दात. अप्पा जो द्राव वापरत त्याला नाकात चढणारा गोडसर वास होता आणि तो रसमाच्या फोडणीत मिसळायचा. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर तिथलं रसम मला कित्येक महिने अळणी लागत होतं. सासूबाई मीठ वाढवत राहिल्या, बिचाऱ्या.

मी कार्टी होते. एका नवरात्रात, सात पायऱ्यांचं गोलू मांडलेलं, देव, राजाराणी, लाकडी बाहुल्या सगळ्या जागच्या जागी, आणि मी काय केलं तर सगळ्यात खालच्या पायरीपुढे अप्पांचे पंधरावीस जबडे देवांकडे तोंड करून बसवले, सभेला आल्यासारखे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हातात सुंडलच्या उसळीचा द्रोण घेऊन हसत होत्या, तोवर एकीनं वाकून बुडाचं नाव वाचलं आणि किंचाळली. तिच्या सासूबाईंचा जबडा होता तो. वर्षभरापूर्वी गेलेल्या सासूबाईंचा. अम्मानं त्या दिवशी मला जो चिमटा काढला त्याची आठवण दंडाला अजून आहे.

अप्पा रागावले नाहीत, पण वरमले. चूक त्यांचीही होती. गेलेल्या माणसाचा साचा फळीवर ठेवायचा नाही हा त्यांचा स्वतःचा नियम होता. बातमी कळली की ते साचा खाली काढत, अंगठा ओला करून नाव पुसत, आणि तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी आम्ही नदीवर चित्रान्नाचे डबे घेऊन जायचो तेव्हा वर्षभराचे असे साचे पाण्यात सोडून देत. असं दुसरा कोणी करत असेल असं मला वाटत नाही. "देह गेला की दात मागं ठेवू नयेत," एवढंच ते म्हणत. "दातांना वाटतं अजून खायचंय."

या वाक्यानं मी लहानपणी फार घाबरायचे. आता सांगायला हरकत नाही, अजून घाबरते.

फळीवर आम्हा घरच्यांचेही साचे होते. नवीन काही सामान आलं की अप्पा ते आधी आमच्या तोंडावर करून बघत. माझा साचा वरच्या फळीवर, कोपऱ्यात. त्यात डावीकडचा सुळा शेजारच्या दातापुढे आलेला, रेशनच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या बाईसारखा. अजून तो तसाच आहे. बाकीचे बरेच गेले, तो रांगेत पुढे.

मुकुंद आमच्याकडे आला तो एका सकाळी, ओठ सुजलेला. कॉलेजात हॉकी खेळायचा. काठी तोंडावर बसून पुढच्या एका दाताचा कोपरा उडाला होता, आणि त्यांच्या खेळाच्या मास्तरांनी बजावलं होतं की दातांवर घालायचं रबर करून आणल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. अप्पांनी असलं काही पूर्वी केलं नव्हतं. कवळी म्हणजे नसलेल्या दातांची सोय. हे तर असलेले दात राखायचं काम. ते हरखून गेले. मला हाक मारून म्हणाले, "सरोजा, पातेलं धर गे." ठसा घ्यायचा म्हणजे गुलाबी लापशीनं भरलेला पत्र्याचा चमचा तोंडात दाबून धरायचा आणि ती घट्ट होईतो थांबायचं. लाळ गळते. मुकुंदच्या हनुवटीवरून गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी पातेलं धरून त्याच्यासमोर उभी. आमची पहिली भेट ही अशी. दुसरी कुठली पोर तिथून पळाली असती. मी प्रेमात पडले.

प्रेम म्हणजे काय, तर त्याच्या साच्याची धूळ रोज पुसायचे. रबर करताना अप्पांनी मला शेजारी बसवलं होतं: मऊ रबराचा पत्रा तापवून साच्यावर दाबून बसवायचा, कडा कात्रीनं कापायच्या, हिरडीला टोचू नये म्हणून आचेवर गोल करायच्या. "घातल्यावर बोलता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जांभई दिली तरी पडता कामा नये," अप्पा म्हणाले. "विकत मिळतं ते सगळ्यांच्या तोंडात बसतं, म्हणजे कुणाच्याच बसत नाही." कडा मी कापल्या. मुकुंद न्यायला आला, घालून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता अप्पांना म्हणाला, "फस्क्लास, सार." एवढं एक वाक्य. त्यावर मी तीन महिने जगले. आता हसू येतं. तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहायचेसुद्धा नाही, त्याच्या दातांची रांग काढायचे, तुटक्या कोपऱ्यासकट.

त्या रबरानं त्याचे दात अखेरपर्यंत शाबूत राखले. मेला तो नडगीला लागलेल्या साध्या जखमेनं. मैदानावर गुरं बसायची. त्यानं जखम नळाखाली धुतली आणि खेळत राहिला. धनुर्वात. आठवड्याभरात जबडा मिटला तो मिटलाच, आणि त्यातच तो गेला.

बातमी आली तेव्हा अप्पा फळीकडे वळायच्या आत मी त्याचा साचा काढून माझ्या ट्रंकेत, पावाड्यांच्या, म्हणजे परकरांच्या घडीत दडवला. अप्पांना वाटलं आपणच तो नदीला द्यायच्या साच्यांत ठेवला. मला वाटलं, आता हा माझा. सतरा वर्षांची गाढवीण, मेलेल्या मुलाचे दात ट्रंकेत घालून स्वतःला विधवेसारखी समजत होती. माझं नाव त्याच्या लक्षातही नसेल.

महिन्याभरानं त्याची आई आली. पद्मामामी आम्हाला तोंडओळखीच्या होत्या, आपल्यातल्याच, दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या. अप्पा बाहेर गेले होते, अम्मा मागे कपडे धूत होती. मामी उंबऱ्यातच थांबल्या आणि फळ्यांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "मुकुंदाच्या दातांचा साचा तुमच्याकडे आहे म्हणे. मज देशील गे? फोटोत अस्की जणं तोंडं मिटून बसलेत, त्याचे दात एकातही दिसत नाहीत."

ट्रंक चार पावलांवर होती. मी स्टुलावर चढले, वरच्या फळीच्या कोपऱ्यातला माझा साचा उचलला, पाठमोरी होऊन अंगठा चाटला, 'सरोजा' पुसलं, आणि तो त्यांच्या ओंजळीत ठेवला. विचार वगैरे काही केला नाही. हात आपोआप वर गेला. पुढे कित्येक वर्षं मी त्या हाताला दोष देत होते, जणू तो शेजाऱ्यांचा होता.

मामींनी दातांवरून बोट फिरवलं. पुढच्या दाताशी थांबल्या. "याचा कोपरा उडाला होता ना?"

"अप्पांनी भरून घेतला, मामी. रबर नीट बसावं म्हणून भरून घेतात." मेस्त्रीची मुलगी. खोटंसुद्धा कारागिरीचं.

"आणि हा सुळा? इतका पुढे?"

"होताच तसा."

त्यांनी सुळ्यावर पुन्हा बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "बघ गे. वीस वर्षं त्याला घास भरवला, आणि सुळा वाकडा आहे हे मला माहीत नाही. कसली आई मी." पदरात साचा गुंडाळून त्या निघून गेल्या.

त्यानंतर दहाबारा दिवसांत मी झोपेत दात खायला लागले. आमच्याकडे दुपारचं जेवण झालं की घर तासभर आडवं व्हायचं, गार फरशीवर, डोक्याखाली लाकडी पाट. अम्मानं मला हलवून उठवलं. "काय गे हे! मला वाटलं मागं कोण रगडा फिरवतंय. ऐकून अंगावर काटा आला." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, दुपारचं कसलं वाटण चाललंय. उठल्यावर माझा जबडा दुखायचा, कान ठणकायचे, जिभेवर चुन्यासारखी चव असायची. अप्पा म्हणाले, काळजीचं कारण नाही, खेळणाऱ्याला रबर केलं तशी हिला झोपताना घालायची कडक पट्टी करू, दात एकमेकांवर घासणार नाहीत. आणि स्टुलावर चढले. "तुझा साचा कुठाय?"

"फुटला."

"कधी?"

"झाडताना. पडला."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फुटलेल्या साच्याचा तुकडाही ते टाकत नसत, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. ते स्टुलावरून उतरले, आणि पट्टीचं राहूनच गेलं.

पद्मामामी मला अधूनमधून रस्त्यात भेटत. मुकुंदचा साचा मी हाताळलेला, म्हणून माझ्यावर त्यांचा जीव बसला होता. एकदा थांबवून त्यांनी हातावर सोजीचा लाडू ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "कोनाड्यात ठेवलाय. गंध लावते, फूल वाहते. तुला म्हणून सांगते, यांना सांगितलं तर वैद्य आणतील. दुपारी आवाज येतो गे."

"कसला, मामी?"

"दात खातो तो. दोन वाजले की. शेवटी आस्पत्रीत खायचा तसाच."

लाडू माझ्या हातात होता. तो मी खाल्ला की टाकला ते आठवत नाही. दोन वाजता मी आमच्या फरशीवर आडवी असायचे.

मग मी परीक्षा घेतली. पाच दिवस दुपारी झोपलेच नाही; खांबाला टेकून बसायचे, पापणी मिटली की स्वतःला चिमटा काढायचे. सहाव्या दिवशी देवळाच्या वाटेवर मामी भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला. "पाच दिवस झाले, गप्प आहे," म्हणाल्या. "रुसला की काय." त्या दुपारी मी झोपले. झोपायचं ठरवून झोपले, देवाची शपथ; मला त्यांची दया आली होती. आणि संध्याकाळी त्यांच्या घरावरून गेले तर मामी ओट्यावर बसून गजरा गुंफत होत्या, आणि मला बघून हसल्या.

हा योगायोग आहे. मी शिकलेली बाई आहे, मुलांना गणित शिकवून निवृत्त झाले. परवा नातीच्या बास्केटबॉलसाठी दातांचं रबर करायला गेलो होतो. हल्ली लापशी नाही, पातेलं नाही, एक कांडी तोंडात फिरवतात आणि पडद्यावर दात उमटतात. ती डॉक्टर पोर मला म्हणाली, "पाटी, तुमचेही दात झिजलेत, झोपेत खाता का? टेन्शन आहे का कसलं?" मी म्हटलं, "नाही गं बाई, सवय आहे." तिनं माझीही पट्टी करून दिली. आता मी दुपारी ती घालूनच आडवी होते. ती काढून ठेवलेल्या दुपारी कुणाच्या कोनाड्यात काय ऐकू येत असेल, असा विचार मी करत नाही, असं म्हणते.

तर तेव्हा, त्या परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत, पद्मामामींच्या सासऱ्यांची कवळी टोचायला लागली म्हणून अप्पांना त्यांच्या घरी बोलावणं आलं. परतले तेव्हा पाय न धुताच आत आले. अम्मा पानं घेत होती. अप्पा माझ्यासमोर येऊन म्हणाले, "आ कर." मी केलं. त्यांनी फक्त डावीकडे पाहिलं.

"तुझ्या दातांना हार घातलाय त्या घरात," ते म्हणाले. "पुढे दिवा ठेवलाय. महिन्याच्या तिथीला तुझ्या दातांना नैवेद्य दाखवतात."

अम्माच्या हातातली पळी पडली. "अय्यो! जिवंत पोरीला!" तिनं मला छातीशी धरलं, मग लगेच पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. सगळं बाहेर आल्यावर तिनंच तोड काढली: शुक्रवारी मामी देवळात जातात, मोलकरणीला सांगून साचे बदलून टाकायचे, बोभाटा नको, उद्या हिला स्थळं बघायची आहेत. मला ते पटलं. मला त्या वयात लपवाछपवीचं काहीही पटायचं.

अप्पा पाटावर बसले, पण भात कालवला नाही. "ती बाई मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मेस्त्री, आता डोळे मिटले की मला त्याचा चेहरा या सुळ्यासकटच दिसतो, आधी कसा होता ते आठवत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगा गेला तो गेला. त्याचं तोंड तू नेलंस. साचा बदलशील, तिच्या डोक्यातलं कोण बदलणार? जा, आणि तिच्या हातात दे. तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पावाड्याच्या घडीतून काढलेला साचा रुमालात. मामी माजघरात सुपात तांदूळ निवडत होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. कोनाडा समोरच होता. गंध लावून लावून माझे दात पिवळे पडले होते आणि मोगऱ्याचा हार त्यांच्यावरून घसरून एका बाजूला आला होता. स्वतःच्या फोटोला हार बघितलेलं माणूस मला माहीत नाही. मला विचाराल तर आधी हसू येतं, आणि मग भीती.

मी रुमाल त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाठ करून आलेलं सगळं विसरले. "मामी, हा त्याचा," एवढंच निघालं.

त्यांनी रुमाल सोडला. बोट पुढच्या दातावर गेलं, तुटलेल्या कोपऱ्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं. बाहेर रस्त्यावर सायकलवरून मीठवाला ओरडत गेला.  मग कोनाड्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मग तो कोण?"

"मी."

मला वाटलं आता मारतील. मारायला हवं होतं. त्या उठल्या, सुपातले तांदूळ सांडले, माझ्या अगदी जवळ आल्या. "तोंड उघड."

मी उघडलं. त्यांचं बोट आत आलं. तांदळाची पूड लागलेलं, गंधाचा वास असलेलं बोट. उजवीकडच्या दाढेपासून त्यांनी सुरुवात केली आणि एकेक दात तपासत पुढे आल्या, घाई न करता, अंधारात ओळखीच्या जिन्यावर हात फिरवावा तसं. त्या बोटाला माझा प्रत्येक दात ठाऊक होता. माझ्या स्वतःच्या आईनंसुद्धा मला असं कधी बघितलं नव्हतं. डावीकडच्या सुळ्याशी बोट थांबलं.

"शेवटी त्याच्या तोंडात पाणी घालता आलं नाही गे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचं बोलावं तसा. "चमचा धरून बसले होते. दात उघडलेच नाहीत. ओठांवरूनच ओघळून गेलं."

मी मान हलवू शकत नव्हते.

"आणि दुपारी दोनला? ती तू?"

मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"म्हणजे तो गप्पच होता," मामी म्हणाल्या. "पहिल्यापासून."

सुळ्यावरचं बोट दाबलं गेलं. रडत नव्हत्या त्या. कान देऊन उभ्या होत्या, कोनाड्याकडे तोंड करून, आणि घरात कुठेच काही आवाज नव्हता. माझा जबडा दुखायला लागला. कळ कानापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी तोंड मिटलं नाही. त्यांचं बोट अजून आत होतं.